खाऱ्या पाण्याला पुरून उरलेली काठी

संप संपला की नाही हे कुणी धड सांगत नव्हतं, पण बाबांची गिरणी काही पुन्हा उघडली नाही. पहिलं वर्षभर ते रोज सकाळी दाढी करून तयार व्हायचे. दुसऱ्या वर्षी दाढी दिवसाआड झाली. कांदिवलीला आमच्या दोन खोल्या होत्या आणि पुढे सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एक लांब गॅलरी. त्या गॅलरीत लोखंडी खुर्ची टाकून बाबा बसायचे आणि उजव्या हाताचं बोट अंगठ्यावर हळूहळू घासत राहायचे. आई म्हणायची, तीस वर्षं तुटलेला धागा जोडला, हात अजून तेच करतोय. मलाही तसंच वाटायचं.

एकदा मी त्यांना तसं म्हटलं, तर ते हसले. "धागो नाय गो," ते म्हणाले, "तंगूस."

मालवणजवळच्या गावाहून ते सोळाव्या वर्षी मुंबईला आले होते. त्याआधी ते खडकांवर बसून गळ टाकायचे. तंगूस म्हणजे त्या गळाची बारीक दोरी. पाण्यात गेलेला तंगूस बोट आणि अंगठ्यामध्ये धरून ठेवायचा आणि वाट बघायची. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. मासा एकदम गिळत नाही, आधी तोंड लावून बघतो. खेकडा लागला की तंगूस करकरतो, बोयीसारखा लहान मासा लागला की थरथरतो, आणि मोठा मासा असला की नुसता जड होतो. "मासो आधी इचारता," ते म्हणाले, "मगे खाता." चाळीस वर्षं झाली त्याला, आणि बोट अजून ते विचारणं ऐकत होतं. मी त्यांची मुलगी, एकाच घरात वाढलेली, आणि मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. साकीनाक्याला एका छोट्या कारखान्यात नोकरी करत होते. माल बाहेर पडताना चलनं करायची, नग मोजून घ्यायचे, हे माझं काम. मी ठरवलं, बाबांना गळाची चांगली काठी घेऊन द्यायची.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. गावात कुणी कुणी बांबू वापरायचे, पण इथे बांबू आणायचा कुठून आणि नऊ फुटी बांबू बसमध्ये न्यायचा कसा? मग एका शनिवारी मी मुंबईत गेले, जिथे परदेशी माल फुटपाथवर मांडून विकायचे तिथे. एका माणसाने हातभर लांबीची लालभडक नळी हातात घेतली आणि झटका दिला. सर्रकन एकातून एक नळ्या बाहेर आल्या आणि रस्त्याच्या मधोमध नऊ फुटांची काठी उभी राहिली. मी बघतच राहिले. परत मिटली की पिशवीत मावेल एवढी. माझ्या पगारात बसत होती. मी दुसरं दुकान बघितलंसुद्धा नाही.

घरी मी तसाच झटका देऊन ती उघडली. शेजारचे दोघं-तिघं गोळा झाले. बाबांनी ती हातात घेतली, टोकापासून मुठीपर्यंत बोट फिरवत गेले, प्रत्येक सांध्यावर थोडं थांबले. "बरी असा," ते म्हणाले. ते एवढंच का म्हणाले हे मला तेव्हा समजलं नाही. मला वाटलं, गहिवरलेत.

पुढच्या रविवारी आम्ही गोराईला गेलो. बोरिवलीच्या जेट्टीपर्यंत बस, तिथून होडीने खाडी पार, आणि मग मिठागरांच्या कडेने पायी. मिठागराच्या मातीच्या बांधाला एका ठिकाणी दगडी दार होतं. भरतीला पाणी आत घ्यायचं आणि ओहोटीला बाहेर सोडायचं, त्यासाठी केलेलं. तिथली माणसं त्याला उघाडी म्हणत. बाबा त्या उघाडीवर जाऊन उभे राहिले आणि अर्धा तास त्यांनी काठी पिशवीतून काढलीच नाही. नुसते पाण्याकडे बघत होते. मी विचारलं, काय बघताय? ते म्हणाले, रस्ता बघतोय. मग हाताने दाखवलं. पाणी दारातून बाहेर पडतं, समोरच्या तिवरांवर आपटतं, वळून मागे येतं, आणि त्या वळणाच्या आत एक टोपलीएवढा तुकडा अगदी थांबलेला असतो. मला आधी सगळं सारखंच मातकट पाणी दिसत होतं. त्यांनी दाखवल्यावर तो तुकडा दिसला आणि मग तो दिसेनासा होईना. तिथेच त्यांनी गळ टाकला. तासाभरात चार बोया.

गिरणी बंद झाल्यापासून त्यांचा आवाज एवढा मोकळा मी ऐकला नव्हता. परत येताना होडीत ते अनोळखी माणसांशी बोलत होते.

पाच रविवार टिकली ती काठी. दुसऱ्या रविवारनंतर सांधे करकरायला लागले. तिसऱ्यानंतर दोन नळ्या आतच बसेनात. बारीक रेती आणि मीठ त्यात जाऊन बसलं होतं. तंगूस ज्या कड्यांमधून जातो त्या कड्यांवर आधी हिरवं आलं, मग तांबूस, आणि चौथ्या रविवारी एक कडी हातातच आली. पाचव्या रविवारी काहीतरी बऱ्यापैकी मोठं लागलं. बाबांनी काठी उचलली आणि मधल्या सांध्यातून ती कट्कन तुटली. वरचा अर्धा भाग तंगुसावरून घसरत पाण्यात गेला आणि दिसेनासा झाला. हातात लाल बुडखा उरला.

बाबांनी तो बुडखा पिशवीत ठेवला. होडीत बसल्यावर म्हणाले, "तू एवढ्या हौशीनं आणलेलंस." मला रडू आवरेना. मी खाडीकडे तोंड करून बसले.

खरं म्हणजे आम्ही दुसऱ्या काठीचा नाद सोडूनच दिला असता. पण उघाडीच्या पलीकडच्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ रोज बसायचे. गोराईचेच ख्रिश्चन, सत्तरी ओलांडलेले, डोक्यावर गवताची हॅट. उमेदीची सगळी वर्षं जहाजावर खलाशी होते. मी त्यांना अंकल म्हणायचे. काठी तुटली तेव्हा त्यांनी सगळं पाहिलं होतं. पुढच्या रविवारी बाबा नुसतेच पाणी बघायला गेले, मीही गेले, तर त्यांनी आम्हाला हाक मारून जवळ बोलावलं आणि आपली काठी बाबांच्या हातात दिली.

दिसायला अगदीच साधी होती. चहाच्या रंगाची, अखंड, कुठेही जोड नसलेली, मुठीला सुतळी गुंडाळलेली. अंकल म्हणाले, कुठल्याशा बंदरात घेतली त्याला वीस वर्षं झाली. वीस वर्षं रोज खाऱ्या पाण्यात. बाबांनी टोक जमिनीला टेकवून ती वाकवली. ती वाकत गेली, वाकत गेली, पार अर्धगोल झाली, आणि सोडल्यावर अशी सरळ झाली की जणू काही झालंच नव्हतं. बाबांनी ती परत वाकवली. मग तिसऱ्यांदा. ते माझ्याकडे बघत नव्हते, अंकलकडेही नाही. अशा नजरेने मी त्यांना कशाकडेच बघताना पाहिलं नव्हतं.

अंकलनी त्या दुपारी आम्हाला जे शिकवलं ते मला आजही पाठ आहे. काठी पोकळ घेऊ नका, भरीव घ्या. भरीव जड असते, पण खडकावर आपटली तरी फुटत नाही. जितके सांधे कमी तितकं बरं, कारण मीठ सांध्यात घर करतं. मग त्यांनी खिशातून कापसाचा बोळा काढला आणि प्रत्येक कडीतून फिरवून दाखवला. कापूस एखाद्या कडीत अडकला, त्याचा एक जरी तंतू मागे राहिला, तर तिथे खरवड आहे, आणि ती खरवड तुमचा तंगूस कापणार. नऊ कड्यांमधून तो बोळा स्वच्छ बाहेर आला. "काठी मोडत नाय," ते म्हणाले, "लोखंड मोडतं. समुद्र आधी लोखंड खातो. लोखंड कमी ठेव आणि घरी गेल्यावर गोड्या पाण्यानं धू."

पुढचा महिना आम्ही खिशात कापूस घेऊन हिंडलो. कामावरून सुटले की मी बाबांना भेटायचे आणि आम्ही दुकानं पालथी घालायचो. बाबा आधी कडीतून कापूस फिरवायचे, मग सांधे हलवून बघायचे, मग टोक जमिनीला टेकवायला लागायचे आणि तिथे दुकानदार ओरडायचा. एकाने तर विचारलं, काका, काठी घ्यायला आलात की तिची तपासणी करायला? जी काठी कापसाला उतरायची ती आमच्या ऐपतीबाहेरची असायची. जी ऐपतीतली असायची तिच्यात कापूस अडकायचा. शेवटी बाबाच म्हणाले की जाऊ दे, हातानेच तंगूस टाकतो, गावात काय काठ्या होत्या सगळ्यांकडे?

आणि आता जे सांगणार आहे त्याची मला अजून लाज वाटते आणि अजून नवलही वाटतं. आमच्या कारखान्यात फायबरच्या भरीव कांड्या बनायच्या. काचेचे तंतू रेझिनमध्ये भिजवून, तापलेल्या साच्यातून ओढून काढलेल्या. त्या विजेच्या मोटारींमध्ये आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये जायच्या. मी तीन वर्षं त्यांची चलनं करत होते. हजारो कांड्या माझ्या टेबलासमोरून गेल्या असतील. माझ्या लेखी ते नग होते.

एका दुपारी एक कामगार आठ फुटी कांड्यांची मोळी खांद्यावर घेऊन दारातून निघाला. दार अडचणीचं होतं. मोळीतली एक कांडी चौकटीला अडकली, धनुष्यासारखी वाकली, आणि सुटून सपकन सरळ झाली. चहाच्या रंगाची. अखंड. मी हातातलं पेन तसंच धरून उभी राहिले. कामगार म्हणाला, काय झालं मॅडम, लागलं का? मी म्हटलं, ती मोळी खाली ठेव जरा.

मालक तसे कडक होते, पण यंत्रांवर जीव असलेला माणूस. मी सगळं सांगितलं, तशी त्यांनी एक कांडी वाइसच्या पकडीत आडवी आवळली आणि टोकाला लोखंडी वजनं लावायला सुरुवात केली. एक किलो, दोन किलो. तीन किलोला टोक जमिनीकडे बघायला लागलं. चार किलोला आतून बारीक टिकटिक आवाज आला आणि सगळे दोन पावलं मागे सरकलो. काही झालं नाही. वजनं तशीच ठेवून मालक जेवायला गेले. तासाभराने येऊन त्यांनी ती एकेक करून काढली आणि कांडी हळूहळू वर येत पुन्हा आडवी सरळ झाली. त्यांनी पट्टी लावून पाहिली. मग मला म्हणाले की मी हा माल दहा वर्षं विकतोय, पण असा कधी बघितला नव्हता. रंगात डाग असलेल्या, गिऱ्हाइकाने परत केलेल्या कांड्या कोपऱ्यात पडल्या होत्या. त्यातल्या दोन त्यांनी मला नेऊ दिल्या. तेवढंच नाही, स्टेनलेस स्टीलची तारही दिली, कड्या वळायला.

कांडी घरी गेली तेव्हा बाबांनी ती उभी धरली आणि नाक लावून तिचा वास घेतला. मग म्हणाले की ही काठी नाही, अजून हिच्यातून काठी काढायची आहे. आठ फूट एकाच जाडीची होती ती. मुठीकडे जाड राहून टोकाकडे निमुळती व्हायला हवी होती, नाहीतर मासा विचारतोय ते हाताला कळणार कसं?

तीन आठवडे ते घासत होते. फायबरची धूळ अंगाला लागली की भयंकर खाज सुटते, म्हणून पॉलिशपेपर ओला करून, मोरीत बसून घासायचं. कांडी मोरीत मावत नव्हती; तिचं दुसरं टोक स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत यायचं आणि आई ती ओलांडून पोळ्या करायची. आई दोनदा चिडली. एकदा टॉवेलमुळे, सगळ्यांना खाज सुटली तेव्हा, आणि एकदा उगीचच. पण तिने कांडी कधी बाजूला सारली नाही.

रोज संध्याकाळी बाबा कांडी गॅलरीच्या कठड्याला बांधायचे, टोकाला पाणी भरलेला डबा लटकवायचे, आणि ती जशी वाकेल तशी रेघ मागच्या भिंतीवर खडूने काढायचे. पहिल्या दिवशीची रेघ जवळजवळ सपाट होती. दुसऱ्या दिवशी थोडी खाली. भिंतीवर एकाखाली एक अशा वाकत गेलेल्या रेघा जमत गेल्या. बाबा चौथी शिकलेले. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. गॅलरीत एक कॉलेजातले मास्तर राहायचे, ते येता-जाता थांबायला लागले. एकदा बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले आणि मला हळूच म्हणाले की अशा रेघा इंजिनिअरिंगच्या पुस्तकात असतात, तुझे वडील काय करतायत हे त्यांना माहीत आहे का? मी म्हटलं, मला नाही माहीत, त्यांना माहीत असावं.

एकविसाव्या रेघेपाशी बाबा थांबले. ती वरून हळूच निघायची आणि शेवटी झुपकन खाली जायची. ते म्हणाले, झाली.

कड्या त्यांनी जाड खिळ्याभोवती तार वळवून केल्या, सात कड्या. मी कापूस घेऊन बसले. दोन कड्यांमध्ये तंतू अडकला. बाबांनी त्या टाकून नव्या वळल्या. दोऱ्याने घट्ट बांधून वरून रेझिनचा हात दिला. मुठीला सुतळी. गंजेल असं लोखंड म्हणाल तर एक कणही नाही. तंगूस गुंडाळायची चरखी तेवढी अंकलनी दिली, त्यांची जुनी, पितळेची.

पावसाळा सरल्यावर आम्ही पुन्हा उघाडीवर गेलो, जेट्टीपर्यंत काठी खांद्यावर टाकून पायीच. मोठ्या भरतीचा दिवस होता आणि दुपारी चारच्या सुमारास पाणी जोरात उतरत होतं. मिठागरात शिरलेलं पाणी दगडी दारातून धो धो बाहेर पडत होतं. बाबांनी बोटभर लांबीची जिवंत बोय गळाला लावली आणि त्या थांबलेल्या तुकड्यात सोडली. अंकल शेजारी बसून होते. त्यांनी त्या दिवशी स्वतःचा गळ टाकलाच नाही.

मग बाबांनी काठी माझ्या हातात दिली. मी नको म्हणत होते. ते म्हणाले, "धर. कळतला तुका."

आधी काहीच नव्हतं, फक्त पाण्याचा ओढा. मग टोकाकडून काहीतरी आलं. इतकं बारीक की मला वाटलं माझीच नाडी असेल. पुन्हा आलं. कुणीतरी खरंच विचारत होतं. चार हात खोल, गढूळ पाण्यात, जिथे मला काही दिसत नव्हतं तिथून, आठ फुटांच्या काचेतून ते थेट माझ्या तळहातात येत होतं. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, थांब म्हणून. आणि मग काठी एकदम जड झाली.

पुढे नक्की किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. चरखी किंचाळत फिरत होती. काठीचं टोक पाण्यात गेलं होतं आणि मी दोन्ही हातांनी मूठ पोटाशी धरली होती. पन्नास हातांवर पाणी फुटलं आणि जिताडा बाहेर आला, संपूर्ण, हवेत. रुपेरी, लहान मुलाएवढा, जबडा उघडून मान झटकणारा. त्याच्या कल्ल्यांचा खडखडाट मला तिथपर्यंत ऐकू आला. उतरतं ऊन त्याच्या डोळ्यात शिरलं आणि डोळा निखाऱ्यासारखा लाल पेटला. असं काही या पाण्यात राहत असेल यावर माझा विश्वास बसेना. बोरिवलीहून दहा मिनिटांची होडी, आणि मागे आमच्या बाजूच्या इमारती दिसत होत्या.

मी जोर लावून ओढायला लागले. काठीचा बाक पार मुठीपर्यंत आला. मला कारखान्यातला तो टिकटिक आवाज आठवला आणि मी डोळे मिटले.

"ओढू नको पोरी," अंकल शांतपणे म्हणाले. "काठीला काम करू दे."

मी हात सैल केले. आणि मला जाणवलं की काठी खरंच काम करत होती. मासा धावला की ती वाकून त्याला जाऊ द्यायची, तो थांबला की सरळ होत त्याला परत आणायची. माझा त्यात काही भागच नव्हता, मी फक्त तिला धरून उभी होते. तो आणखी दोनदा उसळला. मग येरझाऱ्या आखूड होत गेल्या.

बाबा लेंगा वर खोचून बांधावरून उतरले आणि चिखलात कंबरेपर्यंत गेले. त्यांच्याकडे जाळी नव्हती. मासा कुशीवर होऊन जवळ आला तेव्हा त्यांनी एक हात त्याच्या जबड्यात घातला, दुसरा पोटाखाली, आणि त्याला छातीशी धरून वर उचलला. ते तसेच काही क्षण उभे राहिले, चिखलात, मासा कवटाळून. दोघांचीही छाती भरभर हलत होती.

वर आल्यावर त्यांनी आधी माशाकडे नाही, काठीकडे पाहिलं. एक डोळा मिटून मुठीपासून टोकापर्यंत तिच्यावरून नजर फिरवली. कुठेही बाक राहिला नव्हता. मग खिशातला कापूस काढून साती कड्यांमधून फिरवला. कापूस जसा गेला तसा आला. अंकलनी हॅट काढून मांडीवर ठेवली आणि बाबांना म्हणाले, "माझ्या काठीहून चांगली झाली तुझी."

जिताड्याचं डोकं अंकलना दिलं, त्यांनी तेवढंच मागितलं. बाकीचा गॅलरीतल्या सगळ्या बिऱ्हाडांना पुरला. कॉलेजातले मास्तर मासे खात नसत, पण तेही येऊन बघून गेले.

त्यानंतर मालकांनी बाबांना बोलावून घेतलं. परत आलेल्या कांड्यांचा ढीग होता आणि त्यांना आता त्याचं काय करायचं ते कळलं होतं. कारखान्याच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी, बाबांना काठ्या घासायला एक बाक मिळाला. ते पुन्हा रोज दाढी करायला लागले. आम्ही दोघं एकाच बसने कामाला जायचो. महिन्याला चार-पाच काठ्या व्हायच्या, त्याहून जास्त नाही. दुकानात कधी ठेवल्या नाहीत, तोंडी तोंडीच गेल्या. मुलुंडहून, घाटकोपरहून माणसं यायची, कुणी पोस्टमन, कुणी फिटर, ज्यांना माझ्यासारखीच परवडणारी आणि टिकणारी काठी हवी होती. बाबा प्रत्येकाला आधी उभं करून त्याचा हात बघायचे, आणि काठी देताना कापसाचा एक बोळा देऊन गोड्या पाण्याचं बजावायचे.

आई मात्र गोराईला कधी आली नव्हती. तिला होडीची भीती वाटायची. दोनेक वर्षांनी एका थंडीत, का कोण जाणे, सकाळी डबा भरता भरता म्हणाली, मीही येते. होडीत तिने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

उघाडीवर पोचल्यावर ती पदर खोचून दगडावर बसली आणि बाबांनी तिच्या हातात काठी दिली. तिने ती पोळपाटावरचं लाटणं धरावं तशी धरली. थोड्याच वेळात टोक हललं. बाबांनी सांगितलं तशी तिने ती उचलली आणि एक लहानशी तांबोशी वर आली, वीतभराची.

आईने जन्मभर तांबोशी साफ केली होती, तळली होती, कढीत टाकली होती. टोपलीतली तांबोशी तांबूस-करडी असते, तशीच असते असं आम्ही धरून चाललो होतो. ही तांब्याच्या नव्या भांड्यासारखी झळकत होती. अंगावर फिकट पट्टे होते. आणि डोळ्याखाली एक बारीक, झगझगीत निळी रेघ होती, शाईने ओढावी तशी. आईने तो मासा ओल्या तळहातावर धरला आणि डोळ्याजवळ नेला. मीही वाकून बघत होते. आमच्या डोळ्यांदेखत ती रेघ फिकट व्हायला लागली.

"ह्यो रंग आमका कधी दिसाकच नाय," आई म्हणाली. मग घाईघाईने बाबांना म्हणाली, "सोडा त्येका. बेगीन."

बाबांनी गळ काढला. आई स्वतः पाण्यापर्यंत उतरली, चपला चिखलात रुतल्या तरी, आणि दोन्ही हात पाण्यात बुडवून थांबली. मासा तिच्या ओंजळीत आडवा पडून होता. मग त्याने शेपटी हलवली. आई वाकून बघत राहिली. निळी रेघ पुन्हा पेटली, ती म्हणाली, आणि तो गेला.

ती बराच वेळ वर आली नाही. बाबा आणि मी बांधावर उभे होतो. पाणी उतरत होतं आणि ती हात पाण्यात तसेच ठेवून बसली होती.